न हललेला ठिपका

मागच्या श्रावणात घाटात ढगफुटी झाली, तिची रडार-नोंद अनघा पुन्हा चालवून पाहत होती. हल्ली रडारला पावसात अडकलेली माणसंही दिसत, आणि बचावपथकं पडद्यावरच्या ठिपक्यांमागे जात. त्या दिवशी सगळे सापडले. तिचा धाकटा भाऊ सुमेध तेवढा सापडला नाही.

रडारचा नकाशा साफ करायची पद्धत तिनेच बसवलेली. पाऊस सरकतो, माणूस चालतो. जे जागचं हलत नाही तो कडा किंवा झाड, ते पुसून टाकायचं. आज तिने पुसलेलंही परत आणलं.

घाटरस्त्याखालच्या मोरीजवळच्या खडकावर एक ठिपका होता. दुपारपासून अंधार पडेपर्यंत तिथेच. मग पाणी खडकावरून गेलं आणि ठिपका नाहीसा झाला.

"तिथे तर झाडसुद्धा नाही," शेजारी बसलेले देवस्थळी सर हळूच म्हणाले. "पोरगा एवढा वेळ हलला कसा नाही?"

"मीच फोनवर सांगितलं होतं. आहेस तिथे थांब, जरासुद्धा हलू नकोस, रडार शोधेल तुला."

अनघाने ठिपक्यावर बोट ठेवलं.

"जन्मात कधी माझं ऐकलं नाही, सर, त्यानं. तेवढं एकदाच ऐकलं."