नकाशात नसलेले जिने

"टायपिंग येतं?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

"येतं. पण मी शिकलेय नकाशांचं," समोर बसलेली मुलगी म्हणाली. "उपग्रहाची चित्रं, रस्ते, पत्ते, हे सगळं संगणकावर एकमेकांशी जुळवायचं. भू-माहितीशास्त्र म्हणतात त्याला."

"छान. इथे त्याचा काय उपयोग?"

वर्षभर नोकरी मागायला जिथे जाईल तिथे हाच प्रश्न मुलीच्या आधी जाऊन बसलेला असायचा. घरी बाबा हल्ली तो तोंडानं विचारत नव्हते, एवढंच.

ऑफिस म्हणजे एक खोली. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या नर्सेसचं हे ठाणं. टेबलाभोवती डोक्यावर हेल्मेट चढवलेल्या सातआठ जणी एकदम बोलत होत्या. सगळ्यात वरचा आवाज फटफटीचा. तिची स्कूटर आणि तोंड दोन्ही सारख्याच वेगानं चालतात म्हणून तिला हे नाव पडलं होतं.

"नदीपलीकडे काल मीच गेले होते, आज कुणीतरी दुसरं जा."

फोन वाजला. मोठ्या सिस्टरांनी तो स्पीकरवर टाकला.

"सिस्टर, माझं इन्सुलिन?" एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. "नाश्ता समोर ठेवलाय. मघापासून आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलोय."

"निघालंय हो आजोबा कुणीतरी," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. कुणीच निघालेलं नव्हतं. "रोजचंच आहे," त्या मुलीला म्हणाल्या. "एकाच गल्लीत दोघी जाऊन धडकतात आणि आजोबांकडे कुणीच पोचत नाही."

"पत्ते देता का मला सगळे?" मुलीनं विचारलं. "आणि कुणाला किती वाजेपर्यंत सुई लागते, तेही."

मोठ्या सिस्टरांनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि स्वतःची खुर्ची दिली.

संध्याकाळपर्यंत संगणकाच्या पडद्यावर सगळं शहर उमटलं. प्रत्येक आजाऱ्याच्या घरावर एक ठिपका, प्रत्येक नर्सच्या वाटेला एक रंग. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रंगांप्रमाणे सगळ्या निघाल्या.

फटफटी सगळ्यात आधी परतली, घामाघूम होऊन.

"बाई, तुमच्या नकाशातला तो जवळचा रस्ता आहे ना, तो रस्ता नाही. जिना आहे. मी काय स्कूटर खांद्यावर घेऊ?"

बाकीच्या हसल्या. मुलीचे कान लाल झाले. वरून घेतलेल्या चित्रात जिना आणि गल्ली सारखेच दिसतात, हे तिला ठाऊक होतं. पुस्तकात होतंही. ती उठली.

"मला मागे बसवून न्याल? तुमची सगळी घरं दाखवा."

"आता?"

"आता. उद्या दुसऱ्या कुणाबरोबर जाईन."

आठवडाभर ती रोज एकीच्या मागे बसून हिंडली. कुठे जिने आहेत, कुठली गल्ली बाजार भरला की बंद होते, कुठल्या इमारतीची लिफ्ट नावालाच आहे, कुणाला दारापर्यंत यायलाच वेळ लागतो, हे सगळं तिनं ठिपक्यांवर चढवलं. कुणाकडून गप्पा मारल्याशिवाय सुटका नाही, तेही. फटफटीनंच तो वेळ धरायला लावला. "नाहीतर मी घाईत निघते आणि त्या आजी दिवसभर रुसून बसतात."

पुढच्या सोमवारी सगळ्या पुन्हा नव्या वाटांनी गेल्या. मोठ्या सिस्टर आणि मुलगी फोनकडे बघत बसल्या. तो वाजला तसा मोठ्या सिस्टरांनी स्पीकर लावला.

"सिस्टर," आजोबा म्हणाले, "सुई टोचून झाली. मी अजून दातसुद्धा लावले नव्हते."

"मग लावा आणि खाऊन घ्या," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला, पदर डोळ्यांना लावला आणि लगेच मुलीच्या कॉलेजात तिच्या सरांना फोन केला.

"सर, तुमची विद्यार्थिनी आमच्याकडे आलीय. तुम्ही मुलांना हे काय शिकवता?"

पलीकडे सरांचा आवाज खाली आला. "काही चुकलं का तिचं?"

"चुकलं. मग तिनं हिंडून सुधारलं. पण हे हिंडणं तुमच्याकडेच शिकवता येणार नाही का?"

"कामावर काय लागतं, ते आम्हाला कुणी येऊन सांगत नाही हो."

"आणि तुमच्याकडे असलं काही शिकवतात, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. मी टायपिस्ट शोधत बसले होते. ही आता आमची. आमच्या दुसऱ्या शाखेला अजून एक हवी आहे. पण मुलं नुसती पाठवू नका. तुम्हीही या."

सर आले, तेही सहासात जणांचा अख्खा वर्ग घेऊन. मुलीनं दारात उभं राहून कुणी कुणामागे बसायचं ते सांगितलं. अंगणात स्कूटरी सुरू झाल्या. प्रत्येक नर्सच्या मागे एकेक विद्यार्थी, कुणाच्या मांडीवर औषधांची पेटी, कुणाच्या हातात रक्तदाब मोजायचं यंत्र. सगळे खिदळत होते. बाबा मुलीचा डबा द्यायच्या निमित्तानं आले होते, ते फाटकाशी उभे राहून हे सगळं बघत राहिले.

सरांच्या वाट्याला फटफटी आली. त्यांनी हेल्मेटचा पट्टा दोनदा तपासला आणि जपून मागे बसले.

"सर, एकच सांगते," मान वळवून ती म्हणाली. "वळणावर माझ्याबरोबर झुकायचं. मी एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे, असं झालं तर दोघंही पडू."

सरांनी मान डोलावली, आणि स्कूटर फाटकातून बाहेर पडली.