समेची पैज

"एक जरी सम चुकलेली सापडली, तर ड्रम विकायचे आणि माझा तबल्याचा क्लास सांभाळायचा. मंजूर?" भास्कररावांनी ऐसपैस मांडी घातली.

"मंजूर ने, बाबा!" निरुपमा म्हणाली आणि तिनं अल्बम लावला.

बेचाळीस मिनिटांचा प्रोग्रेसिव्ह रॉक. बँड तिचाच, ड्रमवर तीच. शहराबाहेर छाणीतल्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमध्ये दोन वर्षं घासून बसवलेली सहा गाणी. तिला भीती नव्हती. आणि भास्कररावांना तर कसली असणार! बडोद्यात तीस वर्षं तबला शिकवलेला माणूस. मुलीनं तबला सोडून त्या डब्यांवर काठ्या आपटाव्यात, हा राग पाच वर्षं पोटात होता. आज सोक्षमोक्ष लावायलाच बसले होते.

पहिलं गाणं अकरा मात्रांचं. दोन आवर्तनांत त्यांनी ते पकडलं आणि मांडीवर टाळी धरली. मग साडेनऊ, मग एक तेराचं, त्यातच मध्ये पंधरा. भास्करराव डोळे मिटून टाळी देत राहिले. पाचव्या गाण्यात तर चक्क त्यांची मान हलायला लागली. सुभानपुऱ्यातल्या घराच्या त्या बैठकीत आजवर ही मान फक्त तबल्याला हलली होती! निरुपमाला उड्या माराव्याशा वाटल्या.

शेवटचं गाणं सात मात्रांचं. गिटारची लांबलचक करामत संपली, सगळे परत समेवर, पहिल्या मात्रेवर आले, भास्कररावांची टाळी पडली आणि ड्रमचा ठोका आलाच नाही.

"थांबव," ते म्हणाले.

निरुपमानं गाणं थांबवलं. रेकॉर्डिंगच्या वेळी ड्रमच्या पेडलवरून पाय सटकला होता. बँडमध्ये कुणाला कळलं नव्हतं. तिलाही आत्ताच कळलं.

"अच्छा!" भास्करराव एकदम खुलले. "रूपक ठेवलास होय! समेवरच खाली. मुद्दाम मोकळी सोडलीस ना ती मात्रा? वा!"

सात मात्रांच्या रूपकात पहिल्या मात्रेवर टाळी नसते, खाली असते, हात नुसता उलटा करायचा, हे तिला आठव्या वर्षी त्यांनीच शिकवलं होतं. आता फक्त 'हो' म्हटलं की ड्रम वाचत होते. शिवाय तो 'वा'! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मिळालेला. तो परत करायला तिचा जीव होत नव्हता.

"नाही बाबा," ती म्हणाली. "चुकलीच ती. पाय सटकला माझा."

भास्करराव तिच्याकडे बघतच राहिले.

"मग?" तिनंच विचारलं. "विकू ड्रम?"

"ते राहू दे. ते तेरा-पंधराचं गाणं परत लाव आधी," भास्करराव मांडी सावरत म्हणाले. "तिथे मी दोनदा चुकलो, आणि गप्प बसलो."