कोपऱ्यावरची खोली

अशा जरा पुढं सरकून बसा. कीर्तनाचा पूर्वरंग आटोपलाय, बुवांना हार-बुक्का चाललाय. तेवढ्या वेळात लोणावळ्याच्या मुक्ताकाकूंची गोष्ट सांगून होईल.

काकू ओटीवर पाटावर बसल्या होत्या आणि मधल्या खोलीतली भाडेकरू लीलाबाई पुढ्यात उभी होती. तिला चुलीवरच्या भिंतीत धुराडं पाडून हवं होतं.

"धुरानं डोळे जायची वेळ आलीय, काकू."

"भिंतीला भोक पाडायचं तर गोपूला विचारायला हवं. घर त्याचं. मी आपली सांभाळणारी."

गोपाळकृष्ण, म्हणजे गोपू, काकूंचा एकुलता मुलगा. कराचीला नोकरीसाठी गेला, त्याला बरीच वर्षं झाली होती. वडिलांमागं ही चार खोल्यांची चाळ त्याच्या नावावर झाली आणि ती सांभाळणं काकूंकडं आलं. खोली कुणाला द्यायची, भाड्यात कुणाला सूट द्यायची, कुणाच्या पाहुण्यानं किती मुक्काम करायचा, सगळं त्या ठरवत. गोपूचं पत्र मात्र कधी आलं नाही.

लीलाबाईनं कोपऱ्यावरच्या खोलीकडं एकदा पाहिलं आणि ती आत गेली. पुढच्या रविवारी भिमाजीनं तिच्या भिंतीला धुराडं पाडून दिलं.

हा भिमाजी रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला, मूळचा आंबी गावचा. कोपऱ्यावरच्या खोलीत तो आणि त्याची बायको बया. भाडं न मागता आणून द्यायचा, तरी काकूंना त्याचा राग होता. पावसाच्या आधी भिंतींना पेंढ्याच्या झडपा बांधायच्या, तर हा कुणाला न विचारता बांधून मोकळा. घरपट्टीचा शिपाई आला की तोही काकूंच्या दाराशी न येता ह्याच्याशीच बोलत उभा.

"भिमाजी," काकूंनी त्याला बोलावून घेतलं, "भाडेकरूनं भाडेकरूसारखं राहावं."

"चुकलं, काकू."

"धुराडं कुणाला विचारून पाडलंस?"

"लीलाबाय खोकत व्हत्या. ऱ्हावलं न्हाई."

"मागं आंबीची जमीन विकलीस. पैसे कुठं उडवलेस रे? अजून ह्या एका खोलीत दिवस काढतोयस."

"उडवल्यात कुटं? हाईत की. रोज बगतो." भिमाजी हसला.

काकूंना ते हसणं उद्धट वाटलं.

रामनवमीच्या उत्सवात देवळात कीर्तन होतं. बुवांचा आवाज गोड, निरूपण साधं. ते म्हणाले, "सगळं त्याचं. आपण राखणदार. धनी येईल तेव्हा दार उघडं असावं, दिवा लागलेला असावा, एवढंच आपलं काम." काकूंनी पदरानं डोळे पुसले. मागं खांबाला टेकून बसलेल्या भिमाजीनंही मान डोलावली.

घरी येताना काकूंच्या मनानं एकच घेतलं. गोपू आला तर उतरेल कुठं? त्याची अभ्यासाची खोली कोपऱ्यावरची. तिथं परक्याचा संसार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिमाजीला सांगितलं, "खोली मोकळी करून दे. माझा गोपू येणार आहे."

भिमाजीचा चेहरा एकदम उतरला. "कागद आला का काय त्यांचा?"

"कागद कशाला हवा? मला आतून कळलंय."

"काकू, बयाचं दिवस भरत आल्यात. बाळातपन हुंद्या. मंग जातो."

"आणि तो उद्याच आला तर? ओटीवर निजवू त्याला?"

"पोरगं ह्याच खोलीत व्हावं, आसं लय मनात व्हतं."

"दुसऱ्याच्या घरात असलं मनात आणू नये, बाबा."

हे बोलताना काकूंचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. त्या दिवशी त्यांना जेवणही गेलं नाही. पोटुशी बाईला उंबऱ्याबाहेर काढू नये, हे त्यांना का कळत नव्हतं? पण बुवांचे शब्द कानातून हलेनात.

भिमाजीनं वाद घातला नाही. "बरं," तो म्हणाला. "पर झडपा बांदायला मीच येत जाईन. दुसरी मानसं तुमाला फशिवतील."

"ये. मजुरी देईन."

"द्या की."

आठवडाभरानं संध्याकाळी त्यानं बैलगाडी भरली. भुशीला मेव्हण्याचा शेरडांचा गोठा होता, त्यातला एक कोपरा सारवून घेतला होता. काकू स्वतः विधवा, म्हणून त्यांनी लीलाबाईच्या हातून बयाची ओटी भरवली. बया नारळ पदरात घेऊन गाडीत बसली. काकूंकडं तिनं पाहिलंही नाही.

लीलाबाई दाराआड रडत होती. काकूंना वाटलं, धुराड्याचे उपकार.

गाडी वळणाशी आली तशी बयाचा बांध फुटला. "आंबीचं वावर इकून म्हतारीच्या पोराकडनं ही चाळ घेतलीसा. त्यो पैकं घिऊन त्वांड काळं करून ग्येला. आपल्याच घराचं भाडं भरून आपनच शेरडांत चाललो. येकदा खरं सांगून का टाकत न्हाई तिला?"

भिमाजीनं बैल थांबवले आणि मागं पाहिलं. कोपऱ्यावरच्या खोलीचं दार उघडं होतं. काकू आत दिवा लावत होत्या.

"हळू बोल," तो म्हणाला, "मालकीन ऐकंल."

उठले बघा आपले बुवा. टाळ घ्या हातात, आणि गजर करताना भिमाजीची आठवण असू द्या.