डावी पापणी

बायको गेली आणि महिन्याभरात माझी डावी पापणी खाली आली. एकाचे दोन दिसू लागले. भेटायला येणारे म्हणत, "रडून रडून डोळ्याची काय दशा करून घेतलीत!" मी मान खाली घालायचो.

चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून मुलगी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. "आई गेल्यापासून सारखे रडत असतात हो," तिने सांगून टाकलं.

"खूप रडता का, आजोबा?" डॉक्टरांनी विचारलं.

आता मात्र खोटं बोलवेना. "एकदाही नाही," मी म्हणालो. "रडूच येत नाही."

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. "मग ही रडण्याची सूज नव्हे," म्हणत डॉक्टरांनी बॅटरी घेऊन पापणी उचलून पाहिली आणि आम्हाला तिथूनच मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. मेंदूतली एक रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगून डोळ्याच्या नसेवर दाब देत होती. फुटायच्या आत ऑपरेशन करून तो फुगा बंद करता आला.

शुद्धीवर आलो तेव्हा मुलगी उशाशी बसली होती. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "बाबा, बरं झालं हो तुम्ही रडला नाहीत!"

तेव्हा कुठे मला रडू आलं.