पायाचा निरोप

ॲक्सिलरेटर दाबला की नवी गाडी क्षणभर थबकायची, मगच निघायची. वैतागून लेक बाबांना सोबत घेऊन मेकॅनिककडे गेली.

"बिघाड नाही, ताई. हल्ली पायाचा निरोप आधी कॉम्प्युटरला जातो, मग इंजिनला. पाय दाबायचा आणि जरा थांबायचं."

परतताना घाटात ढग रस्त्यावर उतरले होते. तिनं पाय दाबला आणि थांबली. गाडी तरंगत निघाली. शेजारी बसलेल्या बाबांचे ओठ हलले. अर्धांगाच्या झटक्यापासून त्यांचे शब्द उशिरा यायचे आणि वाक्य तीच पुरं करून टाकायची. आज ती गप्प राहिली. दोन वळणं गेली.

"ढगातून गाडी चालवायला," बाबा सावकाश म्हणाले, "तुझ्या आईला फार आवडायचं."

वर्षभरात त्यांचं स्वतःचं वाक्य ती पहिल्यांदाच ऐकत होती.