सहाव्या जागेची थ्री-नॉट-थ्री

"चहाची किटली आहे ती, क्लॅरी. बंदुकीची नव्हे," टिल्डाबाई म्हणाल्या.

पण जावयाने उकळतं पाणी ओतायला सुरुवात केली होती. मागच्या व्हरांड्यात थ्री-नॉट-थ्री बंदुकीची नळी नाकात नरसाळं घालून उभी होती. सैन्याच्या जुन्या मालातून त्याने ती बंदूक सकाळीच चार पौंडांना उचलली होती; तेलकट कागदात गुंडाळलेली, आणि ग्रीजमध्ये अशी बुडवलेली की लाकूड कुठलं नि लोखंड कुठलं, कळू नये.

"सासूबाई, चार पौंडांत नुसतं एवढं ग्रीजसुद्धा मिळत नाही!"

रॉकेलने पुसता पुसता दुपार सरली. नळीतून दोरीने फ्लॅनेलच्या चिंध्या ओढल्या. पहिली काळी आली, दहावी करडी, तिसावी पांढरीशुभ्र. क्लॅरीने नळी उजेडाकडे धरली. आतल्या पीळदार खाचा पाण्यासारख्या चमकत होत्या.

"एक गोळीसुद्धा झाडलेली नाही हो हिच्यातून!"

"लग्नात माझ्याकडे असं बघितलं नव्हतंस," बायको नोरीन आतून म्हणाली.

टिल्डाबाईंनी चष्मा सावरून बंदूक पाहिली. "बरी आहे. पुढचा स्क्रू फार आवळू नकोस."

"का?"

"आपलं सांगितलं."

क्लॅरी गालात हसला. युद्धाच्या काळात बाई लिथगोच्या बंदुकीच्या कारखान्यात होत्या. तिथे चहा देणारीसुद्धा स्वतःला कारागीर समजत असणार. त्याने स्क्रू कचकचून आवळला.

वॉलाबिन रायफल क्लबचा सहा जणांचा संघ जिल्ह्याच्या ढालीच्या सामन्यांसाठी जाणार होता. पाच नावं ठरली होती. सहावा क्लॅरी की स्टॅन, ते शनिवारी पाचशे यार्डांवर ठरायचं होतं. नऊ वर्षं क्लॅरी संघाबरोबर जात होता, पण सँडविचचे डबे सांभाळायला. जुन्या बंदुकीची नळी झिजलेली, हे कारण तो नऊही वर्षं सांगत आला होता. आता नळी नवी होती. आता कारण उरलं नव्हतं.

बुधवारच्या सरावात पहिल्या तीन गोळ्या नेमक्या लागल्या. मग नळी तापली, आणि गोळ्या वाट फुटेल तिकडे पळाल्या.

"नेम धरतोयस की मेंढ्या हाकतोयस?" स्टॅन म्हणाला. "डबे पुसून ठेव रे. यंदा माझ्या सँडविचात हॅम घाल."

दुखणं काय, ते क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. तापलेली नळी पुढच्या लाकडाला वेडीवाकडी टेकते. ते लाकूड केसाकेसाने तासून नळी नीट बसवावी लागते, आणि पंचक्रोशीत हे काम करणारा एकच माणूस होता: अँब्रोज क्विल्टर. तीन गावांचे पट्टीचे नेमबाज त्याच्या ओसरीवर बंदुका ठेवून जात. काम कसं करता विचारलं, तर म्हातारा म्हणे, "धीराने." त्यापुढे अक्षर नाही. क्लॅरीला त्याचं भारी कौतुक. गुण असून गप्प बसणारा दुसरा माणूस त्याने वॉलाबिनमध्ये पाहिला नव्हता.

"शनिवारपर्यंत?" क्विल्टरने बंदूक हातात तोलली. "जमेल की नाही, उद्या सांगतो."

क्लॅरीला धीर कुठला! पण त्याच्या घरातच एक वशिला होता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी टिल्डाबाई टोपली घेऊन क्विल्टरकडे जात. एकटा विधुर, त्याचं रांधायला कोणी नाही.

"सासूबाई, तुमच्या म्हाताऱ्याला जरा सांगा ना. तुमचं ऐकतो तो."

"ऐकतो खरा," टिल्डाबाई म्हणाल्या. त्या आठवड्यात त्या गुरुवारीही गेल्या. संध्याकाळी परत आल्या त्या कंबर धरून, अंगठ्याला काजळी.

"म्हाताऱ्याची चूल फारच धुरकट दिसते!" क्लॅरीने नोरीनला डोळा मारला.

शुक्रवारी बंदूक घरी आली. वरून काहीसुद्धा बदललेलं दिसत नव्हतं. फक्त पुढचा स्क्रू सैल होता. म्हाताऱ्याने ठेवला तसा असू दे, म्हणून क्लॅरीने त्याला हात लावला नाही.

शनिवारी आधी स्टॅन नेम धरून पालथा पडला. दहापैकी सात काळ्या ठिपक्यात. मग क्लॅरी. चौथी गोळी, पाचवी, सहावी. नळी तव्यासारखी तापली, तरी गोळ्या एकमेकींचा हात धरून चालल्यासारख्या त्याच जागी जात राहिल्या. नऊ लागल्या. स्टॅनने टोपी काढली.

"तुझं कौतुक नाही हं. क्विल्टरच्या हातांचं आहे."

"माहीत आहे रे," क्लॅरी म्हणाला.

मंगळवारी दुपारी तो रमची बाटली घेऊन थेट क्विल्टरच्या मागच्या दारी गेला. म्हातारा स्वयंपाकघरात एप्रन बांधून बटाटे सोलत होता. चुलीवर मटण रटरटत होतं. क्लॅरीने त्याचे दोन्ही ओले हात धरले.

"सहावी जागा मिळाली मला! हे हात, क्विल्टर, हे हात सोन्याने मढवायला हवेत!"

क्विल्टरने हात हळूच सोडवून घेतले आणि पुन्हा सुरी उचलली. पलीकडच्या कामाच्या खोलीच्या बंद दाराशी टिल्डाबाईंची टोपली ठेवलेली होती, आणि आतून लाकूड तासल्याचा बारीक, एकसुरी आवाज येत होता.

"बाटली त्यांनाच दे," तो दबक्या आवाजात म्हणाला, "पण जेवायला बाहेर येतील तेव्हा. हातात काम असताना त्या मलासुद्धा आत घेत नाहीत."