चार वाजताची फट

वेधशाळेच्या गच्चीवर काचेचा एक भरीव गोळा आहे. त्यातून आलेलं ऊन मागच्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर दिवसभर एक करपलेली रेघ ओढतं. रेघेच्या लांबीवरून त्या दिवसाचं ऊन मोजतात.

बाबा इथे निरीक्षक होते. रोज चार वाजता ते नेमके गोळ्यासमोर उभे राहून चहा प्यायचे आणि रेघेत पाच मिनिटांची फट पडायची.

“अहो, तुमच्या चहापायी सूर्य कमी भरतोय!” साहेब वैतागायचे.

“सूर्य उद्याही येईल साहेब, चहा गार होतो.”

बाबा गेले, त्यांच्या जागी मी लागले. तेव्हापासून रेघ अखंड असते. रोज पट्टी काढताना मी चारच्या खुणेवरून बोट फिरवते.

परवा उंच ढगांतल्या हिमकणांनी सूर्याशेजारी दुसरा, खोटा सूर्य उमटवला. इतका फिका की त्याने कागद कोमटही होऊ नये. पण संध्याकाळी पट्टीवर दोन रेघा होत्या. बारीक रेघेत, चार वाजता, पाच मिनिटांची फट.

साहेबांनी पट्टी उजेडात धरून पाहिली. “ही फाइलला लावू नकोस,” एवढंच म्हणाले.

आज पुन्हा खोटा सूर्य आला. चारला मी दोन कप चहा घेऊन गोळ्यासमोर उभी राहिले. शेजारी कोणी नव्हतं. गोळ्यावर पडलेली माझी सावली मी डोळ्यांनी पाहिली.

आता पट्टी माझ्या हातात आहे. बारीक रेघेतली फट आज दुप्पट रुंद आहे, दोघं शेजारी उभे राहिल्यासारखी.

खऱ्या सूर्याची रेघ मात्र कुठेच तुटलेली नाही.